अनुभव नाही, पण घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम करायचंय. सुरुवात कशी करू?

रानजाई

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी 41 वर्षांची, राहायला चिंचवडला. शिक्षण बारावी. इतकी वर्षं घरी शिवणकाम केलं, पण आता ब्लाउज सोडले तर बाकी कामं येईनाशी झालीत. मिस्टर भोसरीला कंत्राटी कामाला आहेत. मुलगी अकरावीला, मुलगा सातवीला, त्यामुळे घरात दुसरा पगार यायलाच हवा. शेजारच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून नुकतंच घरी आणलंय. काकू म्हणाल्या, "सकाळी आठ ते रात्री आठ येशील का? आम्ही शिकवून घेऊ." मी रविवारपर्यंत वेळ मागून घेतला आहे.

माझ्या डोक्यात हे एकच घर नाहीये. जमलं तर पुढे हेच काम करायचं आहे. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हा त्यांचं अंथरुणातलं सगळं मीच केलं, पण ते घरचं. ते अनुभवात धरतात का? आधी कोर्स करावा की काम धरावं? पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोत नाव घालावं की सरळ काकूंकडे जावं? आजोबांचं डायपर, अंघोळ करायची मला लाज वाटत नाही. पण उठवताना ते माझ्या हातून पडले तर? मिस्टरांची हरकत नाही. सासूबाई मात्र "लोकांची हगणी-मुतणी काढायला जाणार का" म्हणून माझ्याशी बोलेनाशा झाल्यात.

कुणी या कामात असेल, किंवा घरी माणूस ठेवला असेल, तर मोकळेपणी सांगा.


अबोली_कोथरूड

रानजाई, मी दुसऱ्या बाजूने सांगते. आईला पार्किन्सन्स आहे, घरी दिवसाच्या ताई आणि रात्रीच्या ताई अशा दोघी येतात. सुरुवातीला ब्युरोकडून आलेल्यांपैकी एकीकडे प्रमाणपत्र होतं, पण आईला घास भरवताना ती मोबाईलवर बोलायची. आत्ताच्या दिवसाच्या ताईंकडे एकही कागद नाही. त्यांनी त्यांच्या सासऱ्यांचं केलं होतं, एवढाच अनुभव. आईची गोळी अर्धा तास उशिरा झाली की तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, हे आमच्या आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यामुळे घरचं केलेलं अनुभवात नक्की धरतात, निदान माझ्यासारखी माणसं तरी धरतात.


सिस्टर_निवृत्त

रानजाई, मी जीएनएम झालेली नर्स, मिरज-सांगली भागात हॉस्पिटलमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घरी जाणाऱ्या मुलींना शिकवते. जरा सविस्तर लिहिते, कारण या कामात शिरताना बायका चुकीच्या ठिकाणी पैसे घालवतात.

आधी हे लक्षात घ्या की तुम्ही ज्या कामाला जाणार ते अटेंडंटचं काम. नर्सचं नाही. पेशंटला स्वच्छ ठेवणं, कूस बदलणं, भरवणं, चालवणं, लघवी-संडास, गोळ्यांची आठवण, सोबत आणि लक्ष ठेवणं. नर्स व्हायचं तर एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा कोर्स असतो, त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. "सहा महिन्यांत नर्स बना" असे बोर्ड गल्लोगल्ली दिसतील. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. तिथे फी भरू नका.

तुमच्या कामाचा कोर्स म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, ज्याला सगळे जीडीए म्हणतात, किंवा होम हेल्थ एड. हे अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ठरवलेले आहेत. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ते काही केंद्रांवर मोफतही शिकवतात. 2021 मध्ये कोविडच्या वेळी केंद्र सरकारने सहा क्रॅश कोर्स काढले होते, त्यात होम केअर सपोर्ट हाही एक होता. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या काही मुली त्यातूनच आल्या. कुठल्याही केंद्रात गेलात तरी दोन गोष्टी विचाराच: प्रमाणपत्रावर कुणाचं नाव असेल, आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्यक्ष सराव किती? वॉर्ड नसेल तर तो कोर्स फळ्यावरचा. पुतळ्याला स्पंज देणं, म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसणं, वेगळं आणि कण्हणाऱ्या माणसाला देणं वेगळं.

पण म्हणून हातातलं घर सोडू नका. काकूंकडे जा, आणि कोर्स नंतर करा. हात बसला की वर्गात शिकवलेलं लवकर डोक्यात शिरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवसाच्या आधी, आपण काय करणार नाही हे ठरवा आणि घरच्यांना सांगा. इंजेक्शन देणार नाही. इन्सुलिन देणार नाही. लघवीची नळी घालणार-काढणार नाही. नाकातली अन्नाची नळी बाहेर आली तर परत सारणार नाही, ती चुकून श्वासनलिकेत गेली तर माणूस दगावतो. सुटी औषधं आपल्या मनाने देणार नाही, घरच्यांनी डबीत वेळेप्रमाणे काढून ठेवलेलीच देणार. हे स्पष्ट बोलल्यावर एखाद्या घराला राग आला तर ते घर तुमच्यासाठी नव्हे.


वेणू_डोंबिवली

सिस्टर, तुमचं पटतं, पण खरं सांगू? मी बरीच वर्षं ड्युट्या करते. इन्सुलिन सगळीकडे आम्हीच देतो. मुलगा ऑफिसला, सून ऑफिसला, जेवायच्या आधी कोण देणार? नाही म्हटलं की ब्युरोवाले दुसरी पाठवतात.


सिस्टर_निवृत्त

वेणूताई, ते मला माहीत आहे. म्हणूनच लिहिलं. दहाऐवजी वीस युनिट गेले आणि आजी बेशुद्ध झाल्या, तर त्या घरातलं कुणी "आम्हीच सांगितलं होतं" असं म्हणायला पुढे येत नाही. तुमचा हात बसलेला आहे, तुम्हाला लक्षणं कळतात. रानजाई नवीन आहेत. आणि ही सवय मोडायची तर नव्या माणसांपासूनच मोडेल. इन्सुलिनच्या पेनवर आकडा लावून देणं, वेळेची आठवण करणं इतपत ठीक, टोचणार घरचं माणूस किंवा नर्स. काकू सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठनंतर घरीच असतील ना?

रानजाई, आजोबांना साखर असेल तर हे मात्र पाठ करा. घाम फुटला, हात थरथरले, असंबद्ध बोलायला लागले की आधी साखर तपासा. 70 च्या खाली असेल, शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन.


फिजिओ_नाशिक

रानजाईंच्या "उठवताना पडले तर?" या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बहुतेक व्हिजिट घरीच असतात.

उजवी बाजू गेलेल्या माणसाला उठवताना त्या उजव्या हाताला धरून कधीही ओढू नका. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली उतरतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतं. घराघरांत हीच चूक होते आणि ती प्रेमापोटी होते, कारण दुबळा हात धरून उचलावासा वाटतो.

पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डाव्या हाताला, पलंगाला थोडी तिरकी लावायची. ब्रेक दोन्ही चाकांचे. खुर्चीचे पाय ठेवायचे पायटे बाजूला काढायचे, नाहीतर नडगी सोलवटते. आजोबांना पलंगाच्या कडेला आणून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून थोडा वेळ बसवा, एकदम उठवलं की बीपी खाली येऊन चक्कर येते. तुम्ही समोर उभ्या राहा, तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकवा, म्हणजे तो अचानक दुमडणार नाही. हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला. पट्टा नसेल तर रुंद चामडी बेल्टही चालतो, पायजम्याची नाडी नाही. मग त्यांना पुढे झुकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या अंगठ्यांच्याही पुढे जाईल. वजन पुढे आलं की ढुंगण पलंगावरून आपोआप सुटतं. तुम्ही त्यांना उचलायचं नाहीच, ते उठतात आणि तुम्ही वळवता. तुमची पाठ सरळ, वाकायचं गुडघ्यातून.

आणि समजा पडायलाच लागले, तर धरून ठेवायचा हट्ट करू नका. तुमच्या मांडीवरून हळूच जमिनीकडे घसरू द्या, डोकं सांभाळा. खाली बसलेल्या माणसाला उठवायला नंतर दोघं येतील. तुमची पाठ गेली तर काम गेलं.

कपडे घालताना दुबळा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. शिवणकाम करत होतात तर एक सुचवतो: सदऱ्याला उजव्या बाजूने काखेपासून खालपर्यंत उघडून वेल्क्रो लावून द्या. पेशंटच्या घरी हे फार उपयोगी पडतं आणि बाजारात सहज मिळत नाही.


रानजाई

खरंच खूप आभार. वेल्क्रोचं तर मला सुचलंच नसतं. काकूंकडे फिजिओ येतात, मी त्यांच्या व्हिजिटच्या वेळी दोन दिवस आधीच जाऊन बघू का? आणि भरवण्याबद्दल सांगाल का? आजोबांना पाणी पिताना ठसका लागतो म्हणाल्या.


फिजिओ_नाशिक

जरूर जा, आणि नुसतं बघू नका, त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा.

ठसक्याचं आधी डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा. गिळण्याची तपासणी झाली नसेल तर व्हायला हवी. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर काहींना दाट करून द्यायला सांगतात, पण ते त्यांनी सांगितल्यावरच. तुम्ही एवढं करा: पूर्ण बसवून भरवा, पडल्या पडल्या कधीच नाही. हनुवटी किंचित खाली. घास छोटा, चांगल्या बाजूने. पुढचा घास देण्याआधी उजव्या गालात अन्न साठलंय का ते पाहा, त्यांना तिथलं कळत नाही. जेवणानंतर आवाज ओला, घोगरा यायला लागला तर समजा की काहीतरी चुकीच्या नळीत जातंय. जेवल्यावर अर्धा तास बसलेलेच ठेवा. आणि टीव्ही बंद.


हणमंत_लातूर

मी पुरुष अटेंडंट. लातूरहून पुण्याला आलो, आधी पार्सल डिलिव्हरी करायचो. पुरुषांना या कामात मागणी खूप आहे, कारण जड पेशंट आणि रात्रपाळी. आम्हाला ब्रदर म्हणतात, कोर्स असो नसो.

मला सांगायचंय ते 24 तासांच्या ड्युटीबद्दल. रानजाईंना 12 तासांचंच मिळतंय ते चांगलं. पण जे गावाकडून येतात त्यांच्यासाठी 24 तासांची वाईट नाही. खोलीभाडं वाचतं, जेवण मिळतं, पगार जवळपास पूर्ण घरी पाठवता येतो. फक्त आधी विचारा, झोपायचं कुठे, सलग झोप किती, आणि दिवसातून बाहेर पडायला मिळेल का. एका घरी मला पेशंटच्या पलंगाखाली सतरंजीवर झोपायला सांगितलं. मी सांगितलं, माझी कॉट याच खोलीत लागेल, नाहीतर मी नाही. लावली त्यांनी.


सिस्टर_निवृत्त

हणमंत, तुमच्या धीराचं कौतुक. तरी मी नवीन माणसाला 24 तास घेऊ नका असंच सांगेन. रात्री चारदा उठून कूस बदलणारा माणूस दुसऱ्या दुपारी भरवताना डुलक्या घेतो. घरच्यांनी 24 तासांचा एक माणूस ठेवणं म्हणजे दोघांचं काम एकाकडून काढणं.


हणमंत_लातूर

सिस्टर, बरोबर आहे. पण दोन माणसांचे पैसे देणारी घरं किती? आणि गावाकडे थांबलो असतो तर एवढेही नसते मिळाले. मी पेशंट बघून घेतो. रात्री झोपणारा असेल तरच 24.


समिधा

असंघटित कामगारांमध्ये काम करते म्हणून कागदांचं बोलते.

ब्युरोतून जाणार असाल तर तीन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या हातात दिवसाला किती, पगार कोणत्या तारखेला, आणि पेशंट हॉस्पिटलात भरती झाला किंवा वारला तर मोडलेल्या दिवसांचे पैसे. नोंदणी फीच्या नावाखाली मोठी रक्कम मागणारे टाळा. आधार कार्डाची आणि मार्कशीटची झेरॉक्स द्या, मूळ प्रत कुणाकडेही ठेवू नका. घरच्यांनी पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं तर अपमान मानू नका, ते तुमच्याही फायद्याचं आहे. ब्युरोचा फायदा म्हणजे एक घर सुटलं की दुसरं मिळतं आणि बदली माणूस ते पाठवतात. तोटा कमिशनचा. सरळ काकूंकडे जात असाल तर कमिशन नाही, पण सुट्टीचं आणि बदलीचं आधीच बोलून घ्या. आठवड्याची एक सुट्टी हक्काने मागा. पगार यूपीआयने घ्या, नोंद राहते.

सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव घाला. 2021 पासून सुरू आहे, मोफत आहे, असंघटित कामगारांसाठीच आहे. आधारला मोबाईल जोडलेला असला की स्वतःच्या फोनवरून होतं.

आणि एक गोष्ट जी कुणी नव्या बाईला सांगत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरालाही लागू होतो, घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे. पेशंटकडून किंवा घरातल्या दुसऱ्या पुरुषाकडून त्रास झाला तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. मेंदूच्या आजारात पेशंटला भान नसतं, तेव्हा तो नको तिथे हात लावतो, हे वेगळं. तरी तेही सहन करून गप्प बसू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि अंघोळीच्या वेळी दुसरं माणूस हजर असू द्या.


वेणू_डोंबिवली

समिधाताईंनी लिहिलं ते कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं.

रानजाई, मी तुला अगं-तुगं करते, मोठी आहे वयाने. पहिल्या दिवशी दोन प्रश्न न लाजता विचार. मी बाथरूम कुठलं वापरायचं, आणि मी जेवायचं कुठे बसून? काही घरांत आपल्याला संडास वापरू देत नाहीत, खाली वॉचमनच्या संडासात जा म्हणतात. कप वेगळा, ताट वेगळं. ज्यांचं सगळं अंग आपण पुसतो, त्यांच्या घरात आपला कप खिडकीत पालथा. अशा घरी मी थांबत नाही. तूही थांबू नकोस.

दागिने, पैसे, कपाटाची किल्ली यांपासून लांब. आजोबांच्या बोटात अंगठी असेल तर काकूंना पहिल्याच दिवशी काढून ठेवायला सांग, अंग सुजलं की तशीही अडकते. पेशंट प्रेमाने पाचशेची नोट देतो, ती घरच्यांच्या हातात दे.

आता स्पंजचं सांगते, कारण घर तुला त्यावरूनच ओळखेल. सगळी तयारी आधी जवळ आणून ठेव: कोमट पाण्याच्या दोन बादल्या, दोन नॅपकिन, टॉवेल, चादर, डायपर, धुतलेले कपडे. पेशंटला उघडं टाकून साबण शोधायला जायचं नाही. पंखा बंद, दार लावलेलं. अंगावर चादर ठेवायची आणि जो भाग पुसायचा तेवढाच बाहेर काढायचा. सुरुवात डोळ्यांपासून, नाकाकडून कानाकडे, साबण न लावता. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय. मग कुशीवर वळवून पाठ. खालचं सगळ्यात शेवटी, पाणी बदलून, वेगळ्या नॅपकिनने. बाईमाणूस असेल तर पुढून मागे. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, पावडरचे थर नाही द्यायचे, तिचे गोळे होतात आणि कातडी सोलते. आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी तोंडाने सांगायची. "आजोबा, आता डावीकडे वळवते हं." त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू येतं.


सिस्टर_निवृत्त

वेणूताई, हे मी माझ्या मुलींना वाचून दाखवणार आहे.

फक्त पाठ वळवल्यावर काय बघायचं ते जोडते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, खांद्याची पाती. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरट होऊन परत लाल झाला तर रक्त फिरतंय. तसाच लाल राहिला तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, त्याच दिवशी घरच्यांना सांगा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताने पाहा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिलपिलीत लागतं. त्या डागावर चोळायचं नाही, खालचे टिश्यू फाटतात. गोल हवेची रिंगही नको, तिच्या कडांचा दाब पडून भोवतीचा रक्तपुरवठा कमी होतो. दर दोन तासांनी कूस, आणि टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी. एअर बेड असला तरी कूस बदलणं सुटत नाही, हे घरच्यांना पटवावं लागतं.

लघवीची नळी असेल तर पिशवी कायम कमरेच्या खाली लटकलेली, पण जमिनीला टेकलेली नाही. व्हीलचेअरवर घेताना ती मांडीवर ठेवायची सवय असते सगळ्यांना. लघवी उलटी फिरते आणि ताप येतो.


पाचोळा

वाचतोय. वडिलांसाठी आम्ही स्वतःच करतो, पण कूस बदलायच्या वेळा लिहून ठेवत नव्हतो. आजपासून ठेवू.


लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये मी केअर वर्कर आहे, आधी भारतात बँकेच्या कॉल सेंटरमध्ये होते. इथे अनुभव नसला तरी घेतात, पण पहिले काही आठवडे केअर सर्टिफिकेटची मानकं पुरी करावी लागतात: पेशंटचा खासगीपणा, संसर्ग टाळणं, हालचाल, गैरवर्तन झालं तर कुणाला सांगायचं, वगैरे. सुरुवातीला एकटीला घरी पाठवत नाहीत, अनुभवी माणसाच्या मागे सावलीसारखं फिरायचं. फिजिओंच्या व्हिजिटला आधी जाऊन बघायचं रानजाईंनी ठरवलं, ते तेच आहे.

मुद्दाम लिहायचं कारण वेगळं. या धाग्यावर उद्या कुणी एजंट "यूकेत केअरर व्हा" म्हणून येईल. केअर वर्करचा व्हिसा 2022 मध्ये खुला झाला होता, मार्च 2024 पासून कुटुंब आणणं बंद झालं, आणि 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवीन केअर वर्करची भरतीच बंद आहे. व्हिसासाठी लागणारं स्पॉन्सरशिपचं पत्र विकत देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. इथे येऊन, कर्ज डोक्यावर आणि हातात काम नाही, अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यात आपल्याकडच्याही होत्या.


रानजाई

परदेश माझ्या डोक्यात नाही, पण हे बहिणीच्या मुलीला दाखवते, तिच्यामागे एक जण लागला आहे.

काकूंकडे काल जाऊन आले. कागदावर लिहून नेलं होतं. सकाळी आठ ते रात्री आठ, रविवारी सुट्टी. इन्सुलिन काकूच देणार, आठच्या आत आणि आठनंतर. स्वयंपाक-धुणं माझ्याकडे नाही, फक्त आजोबांचे कपडे आणि त्यांचं जेवण गरम करणं. गेस्ट रूमचं बाथरूम मी वापरायचं, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. पगाराचं मात्र अडलं. किती मागू कळेना.


अबोली_कोथरूड

आम्ही रात्रीच्या ताईंसाठी ब्युरोला दिवसाचे 950 देतो, ताईंच्या हातात 650 पडतात. दिवसाच्या ताई थेट येतात, त्यांना आम्ही या दोन आकड्यांच्या मधलं देतो. काकूंना हाच हिशेब सांगा, त्यांचेही वाचतात आणि तुम्हालाही जास्त मिळतात. नवीन आहे म्हणून फार खाली येऊ नका. पहिला महिना झाल्यावर पुन्हा बोलायचं हे आत्ताच ठरवून घ्या.


समिधा

आणि दिवाळीला एक पगार बोनस हे आत्ताच बोला. नंतर मागताना संकोच होतो.


हणमंत_लातूर

एक वही करा. वेळ, काय खाल्लं, किती पाणी, लघवी किती वेळा, संडास झाली का, कूस कधी बदलली, बीपी-साखर मोजली असेल तर आकडा, काही वेगळं दिसलं तर ते. रोज काकूंची सही. डॉक्टर आले की पहिली ती वही मागतात. पुढच्या घरी अनुभव विचारला तर मीही तीच दाखवतो, फक्त पेशंटचं नाव झाकून.

आणि झटका परत येऊ शकतो. तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं अडखळलं, यातलं काहीही नवीन दिसलं तर आधी घड्याळ बघा आणि 108. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षण कधी सुरू झालं ते डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात.


वेणू_डोंबिवली

सासूबाईंचं काय केलंस? त्या राहूनच गेल्या.

माझ्या आईनेही असंच केलं होतं. मी तिला काही समजावलं नाही. पहिल्या पगारातून धाकट्या भावाची फी भरली आणि पावती तिच्याकडे ठेवायला दिली. बोलायला लागली. तुझ्या सासूबाईंचं तर तूच सगळं केलंस, आज ना उद्या त्यांना आठवेल. नाही आठवलं तरी तू जा.


रानजाई

वेणूताई, डोळ्यांत पाणी आलं. त्या अजून बोलत नाहीत, पण काल रात्री मिस्टरांना विचारत होत्या, तिच्या डब्याचं काय करणार म्हणून.

सोमवारपासून जाते. सिस्टर, एकच शेवटचं. मला स्वतःला काही लस वगैरे घ्यायला हवी का? आणि ग्लोव्हज घरचे देतात की आपले न्यायचे?


सिस्टर_निवृत्त

ग्लोव्हज, मास्क, हॅण्डवॉश घरच्यांनी द्यायचे, तुमच्या कागदावर तेही लिहा. डायपर आणि जखमेसाठी ग्लोव्हज, प्रत्येक वेळी नवे. भरवायला ग्लोव्हज नको, हात धुतलेले हवेत. नखं कापलेली, बांगड्या-अंगठी काढलेली. काचेच्या बांगडीने म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी फाटते.

लस हेपटायटिस बी ची घ्याच. रक्ताशी, सुईशी संबंध येऊ शकतो, तुम्ही टोचत नसलात तरी वापरलेल्या सुया घरात असतात. त्या काकूंना झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायला सांगा, केराच्या पिशवीत नाही. लसीचे तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची रक्ततपासणी करून घेतलीत तर उत्तम. सोमवारच्या आत पहिला डोस होत असेल तर शनिवारीच घेऊन टाका, आणि कार्डाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, जीडीएला प्रवेश घेताना किंवा ब्युरोत नाव घालताना विचारलं तर दाखवता येतो.